कोकणातली बंद वाडी विजेच्या खांबाशिवाय राहती करताना

विजेचं गणित आषाढावर मांडा आणि पाण्याचं वैशाखावर. खांबापासून लांब असलेल्या वाडीतले बहुतेक घोटाळे हे उलटं केल्यामुळे होतात. मे महिन्यातलं ऊन बघून सौर पॅनल घेतले जातात, जुलैमधली भरलेली विहीर बघून टाकी लहान बांधली जाते, आणि वर्षभरात दोन्ही कमी पडतात.

काम दिवाळीनंतर लगेच धरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्यामुळे छप्पर मार्चअखेर पुरं झालंच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये सुतार आणि गवंडी गावभरच्या शाकारणीत (छप्पर दुरुस्तीत) अडकलेले असतात.

छप्पर आणि भिंती

कौलं उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर बाजूला काढा. मंगलोरी कौलं 100 चौरस फुटांना साधारण 150 लागतात. मोडतोडीसाठी दहा टक्के जास्त आणा. रिपांचं (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर पुस्तकातून घेऊ नका. जे कौल घालणार तेच दोन रिपांवर ठेवून मापा, कारण प्रत्येक कारखान्याच्या मापात थोडा फरक असतो.

वासे भिंतीत शिरलेल्या टोकाला आधी कुजतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. अर्धा इंच आत गेला तर वासा बदला. लाकूड ऐन किंवा किंजळ चांगलं. टोकांना काजूच्या टरफलाचं तेल दोन हात लावलं की वाळवी लवकर फिरकत नाही. हे तेल कातडी भाजतं, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

माकडांच्या त्रासामुळे हल्ली कौलांखाली पत्रा घालतात. तसं करायचं तर पत्र्यावर आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारा आणि त्यांवर आडव्या रिपा. रीप थेट पत्र्यावर ठोकली की फुटक्या कौलातून आलेलं पाणी तिच्या मागे अडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती कुजते.

जुन्या भिंती बहुधा मातीत बांधलेल्या जांभ्याच्या असतात. त्यांना सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा पाणी शोषतो आणि मोकळ्या पृष्ठभागातून ते सोडतो. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आत साठते, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि वाशांची टोकं पुन्हा कुजू लागतात. सांधे इंचभर खरवडा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू यांनी भरा आणि चिरा (जांभ्याचा कापीव दगड) उघडा ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधण्याची जुनी रीत आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची आहे.

नवी खोली बांधायची असेल तर 10 बाय 10 फूट, 9 फूट उंचीला, 14 बाय 9 बाय 7 इंचाचे सुमारे साडेचारशे चिरे धरा. खाणीतून ताजा आलेला चिरा मऊ असतो, हवेवर घट्ट होतो. महिनाभर रचून ठेवा. पांढऱ्या मातीचे मोठे डाग असलेला चिरा परत पाठवा.

पाणी

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 100 चौरस मीटर छपरावरून, वीस टक्के वाया गेलं धरलं तरी, सव्वादोन लाख लिटरहून जास्त पाणी वाहून जातं. सगळं साठवण्यात अर्थ नाही. चार माणसांना पिण्या-रांधण्यासाठी रोज माणशी 10 लिटर, ऑक्टोबर ते मे 240 दिवस: 9,600 लिटर. अडीच मीटर व्यासाची, 2.1 मीटर उंचीची फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंटचा माल लिंपलेली) टाकी यासाठी पुरते. आंघोळ, गुरं आणि झाडांसाठी विहीर.

फेरोसिमेंटमध्ये एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू. पाणी जेमतेम, माल हातात वळला पाहिजे. जाळी कुठेही उघडी राहू देऊ नका, तिथूनच गंज सुरू होतो. टाकी फुटते ती बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत, ऊन लागून. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आणि नंतर रिकामी ठेवू नका. पहिल्या सरींचं पाणी, छपराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे एक लिटर, वेगळ्या पाइपात सोडून द्या.

वीज

दिवसाचा वापर आधी लिहून काढा. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास: 270 वॅट-तास. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे तीन, 30 वॅटचे, आठ तास: 720. लहान फ्रिज 800, मोबाइल-लॅपटॉप-राउटर 300, मिक्सर 125, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप तासभर 550. बेरीज पावणेतीन युनिट (1000 वॅट-तास म्हणजे एक युनिट). पण इन्व्हर्टर नुसता चालू राहायला 40 वॅट खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ आणखी एक युनिट. हा आकडा विकणारा सहसा सांगत नाही, डेटाशीटमध्ये शोधा. गळती धरून चार युनिट झाले.

एक किलोवॅट पॅनल हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दिवसाला चार युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये दीड ते दोन. 540 वॅटचे चार पॅनल घेतले तर आषाढात सव्वातीन ते सव्वाचार युनिट मिळतात, आणि तेव्हा पंप बंदच असतो. ओळीने तीन-चार दिवस अंधार राहिला तर फ्रिज बंद ठेवा.

पॅनल दोन-दोन सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडून त्या दोन जोड्या समांतर लावा. एका पॅनलचा मोकळा (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज 49 च्या आसपास, जोडीचा 98. तो 150 व्होल्टच्या एमपीपीटी कंट्रोलरला (पॅनलच्या विजेने बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) झेपतो. चारही एका सिरीजमध्ये लावले तर 196 होतात आणि तो कंट्रोलर जळतो.

बॅटरी 48 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट: पाच युनिट साठतात, साडेचार वापरता येतात. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत 25 चौरस मिमी तांब्याची केबल, दीड मीटरहून लांब नको, आणि बॅटरीच्या टोकाशीच 100 अँपिअरचा डीसी फ्यूज. एसीचा एमसीबी (आपोआप बंद होणारा स्विच) डीसी लाइनवर लावू नका. आतली ठिणगी विझत नाही आणि पेटी पेटते. पॅनलच्या तारा जोडणाऱ्या एमसी-4 कनेक्टरची नर-मादी एकाच कंपनीची घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी बसल्यासारखी वाटते, पण तापून वितळते.

पॅनल कौलांवर बसवू नका. अंगणात किंवा मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) पत्र्यावर, दक्षिणेला तोंड, 15 ते 18 अंश उतार. जागा डिसेंबरच्या शेवटी, सकाळी नऊ ते दुपारी तीन, सावली बघून ठरवा. तेव्हा सूर्य सर्वांत खाली असतो आणि माडांची सावली लांब पडते. एकाच झावळीची सावली सबंध जोडीचं उत्पादन पाडते. खाऱ्या हवेत बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये विजा पडतात. पॅनलच्या आणि घराच्या बाजूला सर्ज संरक्षक (विजेचा अचानक आलेला झटका जमिनीत सोडणारं साधन) लावा, पण चांगल्या अर्थिंगशिवाय तो निरुपयोगी आहे. कातळात अर्थिंग लागत नाही. परड्यातल्या (घरामागच्या जागेतल्या) ओल्या, मातीच्या जागी खड्डा घ्या, अर्थिंगचा रोध पाच ओहमच्या आत असल्याचं मापून घ्या आणि वैशाखात त्यात पाणी घाला.

शेतीचं पाणी घरच्या बॅटरीवर ओढू नका. त्यासाठी स्वतंत्र सौर पंप हवा. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के भरावे लागतात. अडीच एकरपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप मिळतो.

चूल आणि शौचालय

एक घनमीटर गोबरगॅसला रोज 25 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. कोकणी गुरं लहान, शेण कमी देतात. गोठ्यात तीन-चार जनावरं नसतील तर सुधारित चूलच बरी. गॅसच्या पाइपाला उतार द्या आणि सखल जागी पाणी काढायचा नळ बसवा, नाहीतर पावसाळ्यात ज्योत विझत राहते.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचं: एक मीटर व्यास, सव्वा मीटर खोल, एक भरला की दुसरा सुरू. विहिरीपासून किमान 15 मीटर अंतर सांगितलं जातं, पण जांभ्याच्या भेगांतून पाणी लांबवर धावतं. म्हणून शक्य तितकं दूर जा आणि खड्डे विहिरीच्या खालच्या अंगालाच घ्या.