अलॉयच्या रंगाचा व्हॉल्व्ह: रबरावर रंग मारू नका

कारची अलॉय (मिश्रधातूची) चाकं काळी किंवा ब्राँझ रंगाची करून घेतली की हवा भरायच्या व्हॉल्व्हची नळी वेगळीच दिसते. रबरी व्हॉल्व्हवर थेट स्प्रे मारला, तर हवा भरताना रबर वाकतं आणि रंग तडकून पापुद्रे निघतात. त्यापेक्षा धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह घ्या. बहुतेक कारच्या चाकाचं भोक ११.५ मिमी असतं, तरी घेण्याआधी मोजा.

१. बसवण्याआधीच रंगवा. आतली पिन आणि रबरी वॉशर काढा.
२. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चमक घालवा, थिनरने पुसा. गुळगुळीत क्रोमवर रंग धरतच नाही.
३. टोपणाच्या आट्यांवर मास्किंग टेप, नळीच्या भोकात कापसाचा बोळा. खालचे, नटाचे आटेही झाका.
४. धातूचा प्रायमर, मग चाकाच्याच शेडचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. जाड हात ओघळतो.
५. चोवीस तास वाळू द्या.

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे काम नकोच. रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. सकाळी सावलीत, वारा नसताना करा.

टोपण प्लॅस्टिकचंच रंगवा. पितळी नळीवर ॲल्युमिनियमचं टोपण गंजून असं चिकटतं की काढताना नळीच तुटते.

बसवल्यावर पिनेवर आणि बुडाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. वॉशरच्या बैठकीवर रंग राहिला असेल, तर हवा तिथूनच जाते. टायर प्रेशर सेन्सर असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह रंगवू नका.