सिम्युलेटरमधली पायलटची परीक्षा: आधी ट्रिम, मग बाकीचं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत. रात्री शेड बंद केली, जेवण झालं, की दहा ते अकरा मी फ्लाइट सिम्युलेटर एक्सवर बसतो. गेम 2006 सालचा, पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तो अडखळत नाही आणि त्यातले धडे फार चांगले आहेत. त्यातली प्रायव्हेट पायलटची परीक्षा मी चौथ्या खेपेला पास झालो. आधीच्या तीन खेपांना नेमकं कुठं चुकतंय हे कळायलाच दोन महिने गेले. तुमचे तेवढे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

सगळ्यांना भीती असते लँडिंगची. मलाही होती. पण तिन्ही वेळा मी नापास झालो तो हवेत, उंची राखता आली नाही म्हणून. अमेरिकेतल्या खऱ्या प्रायव्हेट पायलट परीक्षेत विमान 45 अंश कलवून घ्यायच्या वळशाला मोजमाप असं असतं: उंची 100 फूट वर-खाली, दिशा 10 अंश, वेग 10 नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). हीच पट्टी लावून सराव करा. घरी तर मी 50 फुटांचीच लावली, कारण परीक्षेत हात घाबरतो आणि 50 चे 90 होतात.

उंची हाताच्या जोरावर राहत नाही, ट्रिमवर राहते. ट्रिम म्हणजे जॉयस्टिक न धरता नाक हवं तिथं राहावं म्हणून शेपटीची केलेली बारीक जुळणी. मागावर ताण्याचा ताण बिघडला की नवा कारागीर सारखा हात लावत बसतो. जाणता माणूस वजन थोडंसं सरकवतो, चार बोटं कापड विणू देतो आणि मग बघतो. सेस्नाचंही, म्हणजे परीक्षेतल्या छोट्या विमानाचंही, तसंच आहे. नाक हवं तिथं जॉयस्टिकने धरून ठेवा, थ्रॉटल (इंजिनाची ताकद) लावा, वेग स्थिर होऊ द्या. त्यानंतरच ट्रिमला हात लावा. नमपॅडवरच्या 1 ने नाक वर, 7 ने खाली. नम लॉक बंद असायला हवा, नाहीतर बटणं दाबत राहाल आणि विमान ऐकणार नाही. एकदा दाबा, मनात तीन मोजा, उंचीची सुई बघा, मग पुन्हा. घाईने चार-पाच वेळा दाबलं की विमान डोलायला लागतं, आणि ते शांत करण्यात पुढची दोन मिनिटं जातात.

ट्रिम बसला की नाही हे असं ओळखा: जॉयस्टिक सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि अर्धा मिनिट काहीही करू नका. सुई 20-30 फुटांत राहिली तर बसला. हे जमेपर्यंत परीक्षेचं बटण दाबू नका, असं मी मनापासून सांगतो.

परीक्षेआधीची तयारी थोडीच आहे. जॉयस्टिक जुनी असेल तर सेटिंगमध्ये नल झोन (जॉयस्टिक मध्याजवळ हलली तरी विमान दाद देत नाही तो भाग) किंचित वाढवा, म्हणजे मधल्या ढिलाईने विमान सरकणार नाही. पायाचे पेडल नसतील तर ऑटो-रडर चालू ठेवा, म्हणजे शेपटीचं सुकाणू गेमच सांभाळतो. आणि उड्डाणाआधी बी दाबून उंचीची सुई त्या जागेच्या हवेच्या दाबाला लावून घ्या, डी दाबून दिशेची तबकडी होकायंत्राशी जुळवा. दाबाच्या आकड्यात पाऱ्याच्या एक दशांश इंचाची चूक म्हणजे साधारण 100 फूट. म्हणजे तुमची सगळी सवलत जमिनीवरच संपली. उन्हाळ्यात सोलापुरात परीक्षा देत असाल तर कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. माझी दुसरी खेप लाइट गेल्यामुळे अर्ध्यात तुटली आणि ती पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागली.

आता तो 45 अंश कलून घ्यायचा वळसा. खरी कसोटी तिथं आहे, म्हणून सावकाश सांगतो.

45 अंशांवर पंखांना विमानाच्या वजनाच्या 1.41 पट भार उचलावा लागतो. त्यामुळे नाक थोडं वर ओढावं लागतं, आणि ओढलं की वेग पडतो. स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग, चढतो: सेस्ना 172 चा फ्लॅप (पंखामागच्या पट्ट्या) खाली नसतानाचा 48 नॉट असेल तर वळशात तो सुमारे 57 होतो. म्हणून मी 95 नॉटवर वळसा घेतो आणि 30 अंश ओलांडताना थ्रॉटल थोडं वाढवतो. हे सगळं धड्यात सांगितलेलं आहे. धडा ऐकून मला उमगलं नव्हतं ते वेगळंच. डाव्या वळशात मी शंभर-सव्वाशे फूट खाली यायचो आणि उजव्यात तेवढाच वर चढायचो. रोज, न चुकता.

कारण बसायच्या जागेत आहे. पायलट डाव्या बाजूला बसतो, इंजिनाचं नाक त्याच्या उजवीकडे असतं. डावीकडे वळताना ते नाक उगाचच वर गेल्यासारखं दिसतं, म्हणून आपण दाबतो. उजवीकडे वळताना खाली गेल्यासारखं दिसतं, म्हणून ओढतो. नाकाकडे बघायचंच नाही, आपल्या डोळ्यांच्या अगदी समोर बघायचं. मी बायकोच्या पाकिटातली एक टिकली घेतली. विमान सरळ, ट्रिमवर चालवलं आणि स्क्रीनच्या बरोबर मध्यावर क्षितिज जिथं येतं तिथं ती चिकटवली. वळशात ही टिकली क्षितिजाच्या केसभर वर ठेवायची, डावीकडे असो की उजवीकडे. सुईकडे फक्त ओझरतं बघायचं: टिकली, सुई, टिकली. त्याच रात्री माझा डावा वळसा 40 फुटांत आला. सरळ होताना मात्र ठरलेल्या दिशेच्या 20 अंश आधी सुरुवात करा आणि ओढलेलं नाक आठवणीने सोडा, नाहीतर विमान उसळतं.

स्टॉलबद्दल एवढंच: इशाऱ्याचा भोंगा वाजला की आधी नाक खाली, मग पूर्ण थ्रॉटल, मग फ्लॅप एकेक टप्प्याने वर. पंख एका बाजूला पडला तरी जॉयस्टिक उलट बाजूला झटकू नका. आधी नाक खाली.

लँडिंगसाठी मला होटगी रोडवरच्या सोलापूर विमानतळाचा उपयोग झाला. 9 जून 2025 पासून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हा रविवारी पुतण्याला घेऊन मी ते उतरताना बघायला जायचो. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की कळतं, विमान खाली पडत येत नाही, एकाच उतारावरून घसरत येतं. तो उतार साधारण 3 अंशांचा धरा, म्हणजे दर नॉटिकल मैलाला सुमारे 300 फूट. सिद्धेश्वर कारखान्याची जी चिमणी 15 जून 2023 ला पाडली, ती सुमारे 90 मीटरची होती, म्हणजे जवळपास 300 फूटच. सोलापूरकरांच्या डोळ्यात ती उंची अजून आहे. धावपट्टी एक मैलावर असताना तुम्ही चिमणीच्या टोकाएवढे उंच असायला हवेत.

पूर्ण फ्लॅप लावून 65 नॉटवर ट्रिम करा. मिनिटाला सव्वातीनशे फूट उतरत असाल तर तुम्ही त्या उतारावर आहात. धावपट्टीचे आकडे काचेवर एका जागी स्थिर राहिले पाहिजेत. ते वर सरकत असतील तर तुम्ही कमी पडताय, थोडं थ्रॉटल वाढवा. खाली सरकत असतील तर कमी करा. जमीन जवळ आली की नजर धावपट्टीच्या शेवटच्या टोकावर न्या, थ्रॉटल बंद करा आणि नाक हळूहळू उचलत राहा. उसळी बसली तर नाक दाबू नका. पूर्ण थ्रॉटल देऊन वर जा आणि फिरून या. अशी माघार घेतलेली चालते, पुढचं चाक आपटलेलं चालत नाही.

पुतण्या बारावीला आहे, त्याला पुढे खरा परवाना काढायचाय. आपल्याकडे त्याला किमान 17 वर्षं वय आणि 40 तासांचं उड्डाण लागतं, तेव्हा गेमवर पास झालं म्हणून तिथं काही सूट नाही हे त्याला मी सांगून ठेवलंय. त्याचा उजवा वळसा अजून 120 फूट चढतो. या रविवारी आम्ही दुसरं काहीच करणार नाही: त्याच्या उंचीप्रमाणे खुर्ची लावायची आणि उजवीकडे दहा वळसे, टिकलीवर नजर ठेवून.