‘फ्यूजन’ या एका शब्दापायी शिकलेला तांत्रिक अनुवाद

विज्ञानाची पदवी घेऊन तांत्रिक अनुवादाकडे वळणारी मुले पुण्यात मला भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता शब्दकोश घ्यावा’ हा असतो. त्यावर मी त्यांना माझी फजिती सांगतो. भौतिकशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मला मिळालेले पहिले काम शालेय प्रयोगपुस्तिकेचे होते आणि त्यात ‘लेटंट हीट ऑफ फ्यूजन’ हा शब्दप्रयोग आला. फ्यूजन म्हणजे संमीलन, अर्थात हायड्रोजनची केंद्रके एक होऊन हेलियम तयार होणे, हे डोक्यात इतके पक्के बसले होते की मी बिनदिक्कत ‘संमीलनाचा अप्रकट उष्मा’ असे लिहून मोकळा झालो. पुस्तिका तपासणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते: “बर्फाचे पाणी होते, हेलियम नव्हे.” शून्य अंशावरील एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषून घेतो आणि तरीही त्याचे तापमान वाढत नाही, हा प्रयोग मी स्वतः दहावीत केलेला होता, पाठ्यपुस्तकातला ‘वितळणाचा अप्रकट उष्मा’ हा शब्द मात्र मला तेव्हा आठवला नाही.

त्यानंतर या शब्दाचे मूळ पाहिले. लॅटिनमधील ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ ओतणे किंवा वितळवणे असा आहे, म्हणजे वितळणे हा अर्थ आधीचा आणि एकत्र होणे हा त्यातून निघालेला. घरातला फ्यूज उडतो तेव्हा त्यातली तार वितळून तुटलेली असते. तिथे काहीच जोडले जात नाही, उलट जोडलेले तुटते. स्फोटकाच्या वातीलाही इंग्रजीत फ्यूज म्हणतात, पण तो शब्द चातीच्या अर्थाच्या वेगळ्याच लॅटिन शब्दावरून आलेला आहे, त्यामुळे व्युत्पत्तीवर फार विसंबूनही चालत नाही.

मला खरी समज आली ती भोसरीच्या एका कारखान्यात. वेल्डिंगच्या तपासणी-पुस्तिकेत ‘लॅक ऑफ फ्यूजन’ या दोषाचे मी ‘संमीलनाचा अभाव’ असे भाषांतर केले होते आणि ते वाचून पाळीचे सुपरवायझर माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मग त्यांनी जोड दिलेल्या पट्टीचा आडवा कापलेला, आरशासारखा घासलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि अल्कोहोलमध्ये पातळ केलेले नायट्रिक आम्ल कापसाने त्यावर फिरवले. थोड्या वेळात राखाडी पोलादात वेल्डचा वेगळा पट्टा उमटला. त्याच्या एका कडेला पट्टी आणि वेल्ड एकजीव झाले होते, दुसऱ्या कडेला मात्र दोहोंमध्ये केसाएवढी काळी रेघ होती. “इथं मेटल नुसतं वर बसलंय, धरलेलं नाही,” ते म्हणाले. तिथे पट्टीची कडच वितळली नव्हती. ब्रेझिंगमध्ये किंवा डाग देताना (सोल्डरिंगमध्ये) दुसराच धातू वितळवून जोड भरतात, मूळ धातू वितळतच नाही, म्हणून त्या जोडांना फ्यूजन वेल्डिंग म्हणत नाहीत, हेही तेव्हाच उमगले. शेवटी पुस्तिकेत ‘मूळ धातू न वितळल्याने जोड न धरणे’ असे लांबलचक वाक्य छापले गेले आणि मला ते अजूनही योग्य वाटते.

रुग्णालयाच्या संमतिपत्रात हाच शब्द मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी येतो, पण तिथे वितळणे औषधालाही नसते. दोन मणक्यांमध्ये हाडाचे रोपण करतात, स्क्रू आणि सळ्या त्यांना तोवर स्थिर धरून ठेवतात आणि पुढे काही महिन्यांत नवे हाड तयार होऊन दोन्ही मणके एकसंध होतात. रुग्णाला ‘संमीलन’ सांगून काहीच कळणार नाही. ‘मणके जोडून एकसंध करणे, त्यामुळे त्या ठिकाणची हालचाल थांबणे’ असे लिहिले तरच सहीला अर्थ राहतो.

संमीलन हा शब्द अणुकेंद्रकांसाठीच राखून ठेवावा, असे माझे मत आहे. तिथेही ‘अणूंचे संमीलन’ लिहू नये, कारण एक होतात ती केंद्रके. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या केंद्रकांपासून हेलियमचे केंद्रक आणि एक न्यूट्रॉन तयार होतो आणि 17.6 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मोकळी होते. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतील संमीलनाच्या प्रयोगात इंधनाच्या लक्ष्यावर पडलेल्या 2.05 मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल मिळाली, तेव्हा घाईत ‘फिशन’ वाचून विखंडनाची, म्हणजे केंद्रक फुटण्याची, बातमी करणारेही मी पाहिले. दिसायला छोटी चूक, पण प्रक्रिया नेमकी उलटी.

वाहन-उद्योगातील ‘सेन्सर फ्यूजन’ने मला सर्वांत जास्त छळले. समोर माणूस आहे की खांब, हे कॅमेरा चांगले ओळखतो, तर रडार अंतर आणि वेग अचूक सांगते. गाडीतील संगणक दोन्हींचा मेळ घालून निर्णय घेतो. यात संवेदक आपापल्या जागी शाबूत राहतात, म्हणून मी ‘संवेदकांच्या माहितीचा मेळ’ असे लिहितो. भाषाशास्त्रातल्या ‘फ्यूजन’मध्ये याच्या उलट परिस्थिती असते: ‘मी आले’ यातील एका ए-कारात पुरुष, लिंग आणि वचन असे विरघळलेले असतात की त्यांचे तुकडे वेगळे काढता येत नाहीत. संगीत, खाद्यपदार्थ आणि सॉफ्टवेअरची नावे यांत मात्र सरळ ‘फ्यूजन’च ठेवावे, भाषांतराच्या साधनाने ‘फ्यूजन 360’चे ‘संमीलन 360’ केलेली फाइल मी एकदा रात्री अकरा वाजता हाताने दुरुस्त केली आहे. तेव्हापासून काम स्वीकारतानाच मी ग्राहकाला दोन गोष्टी विचारतो: मजकूर कोणत्या विभागाचा आहे आणि तो शेवटी कोण वाचणार आहे.