पालिकेची निविदा तपासताना निविदा क्रमांक आधी टिपा

महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर रस्ता, गटार असे नुसते शब्द टाकून शोधत बसू नका. जाहिरातीतला निविदा क्रमांक (टेंडर आयडी) वहीत घ्या. तो वर्षाने सुरू होतो, मध्ये खालच्या रेघा (_) असतात. मुदत संपली की निविदा चालू यादीतून जाते, मग स्थितीच्या पानावर याच क्रमांकाने ती सापडते. तिथे तांत्रिक छाननीत कोण बाद झाले, आर्थिक लिफाफ्यात कोणाचा दर किती, हे पाहा. गोची फेरनिविदेत होते: क्रमांक नवा मिळतो आणि जुना धागा तुटतो. म्हणून शीर्षकही जसेच्या तसे उतरवा. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, पोर्टलवर बहुधा चढवलेलाच नसतो. तो माहिती अधिकारात मागा, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.