इंडेक्स मॅच चुकतोय? आधी फॉर्म्युला तोडून बघा

मित्राच्या टेम्पो सर्व्हिसचं रेटकार्ड आहे एक्सेलमध्ये. ए कॉलमला गावं (सातारा, कऱ्हाड, सांगली असं करत ४० व्या ओळीपर्यंत), वरच्या ओळीत वजनं ५, १०, २०, ५० किलो, म्हणजे "इतक्या किलोपर्यंत". गाव एच२ मध्ये, वजन एच३ मध्ये टाकलं की भाडं यायला पाहिजे. येत होतं कधी एन/ए (म्हणजे "सापडलं नाही"), तर कधी चक्क शेजारच्या गावाचं भाडं.

मॅच यादीतली जागा शोधतो, इंडेक्स त्या जागेवरचं भाडं उचलतो. फॉर्म्युला असा पाहिजे (इथे देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका):

=इंडेक्स($बी$२:$ई$४०, मॅच(एच२, $ए$२:$ए$४०, ०), मॅच(एच३, $बी$१:$ई$१, १))

चुकला की लोक अख्खा फॉर्म्युला पुसून परत लिहितात, तसं करू नका. दोन्ही मॅच दोन रिकाम्या सेलमध्ये वेगवेगळे टाका. पहिल्याने रेंजमधल्या ओळीचा नंबर द्यायला हवा (सातारा म्हणजे १), दुसऱ्याने कॉलमचा. ज्यात एन/ए येतो तो गुन्हेगार, दुसऱ्याला हात लावायची गरजच नाही.

गावाचा मॅच अडला तर बहुतेक वेळा मागे स्पेस असते. लेन (अक्षरं मोजणारं फंक्शन) लावून बघा. सांगलीचं लेन ६ येतं, कारण काना, अनुस्वार, वेलांटी सगळं वेगळं मोजतात, ७ आलं तर काहीतरी चिकटलंय. ट्रिमने (जादा स्पेस काढणारं फंक्शन) जातं, पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या यादीत वेगळीच स्पेस येते, कॅरॅक्टर नंबर १६० ची, तिला ट्रिम हात लावत नाही, तिथे सब्स्टिट्यूट (एकाच्या जागी दुसरं टाकणारं) वापरून कॅर(१६०) काढावा लागतो.

आणि कऱ्हाडने मला अर्धा तास खाल्ला. दोन्ही सेलमध्ये डोळ्यांना अगदी सेम दिसतं, पण एका कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर पडतं आणि दुसऱ्यावर साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारा जॉइनर. एकाचं लेन ६, दुसऱ्याचं ७. यावर उपाय एकच, गाव टाइप करायचंच नाही, एच२ ला डेटा व्हॅलिडेशनने ए कॉलमचाच ड्रॉपडाउन लावा.

शेजारच्या गावाचं भाडं येत होतं ते याहून वाईट, कारण तिथे एररच नाही. इंडेक्सची रेंज बी२ पासून आणि मॅचची ए१ पासून होती, मग एक ओळ सरकणारच. दोन्ही रेंज एकाच ओळीवर सुरू आणि एकाच ओळीवर बंद झाल्या पाहिजेत. फॉर्म्युला खाली ओढल्यावर वरचे बरोबर आणि खालचे एन/ए असतील तर रेंज पक्की करणारे डॉलर ($) लावायचे राहिलेत, रेंज सिलेक्ट करून एफ४ दाबा (काही लॅपटॉपवर एफएन धरून).

आता वजन. हेडरमध्ये (वरच्या ओळीत) मित्राने "५ किलो" असं टाइप केलेलं, म्हणजे ते टेक्स्ट झालं, नंबरशी जुळणार कसं? सेलमध्ये फक्त ५ ठेवा, किलो हा शब्द कस्टम फॉरमॅटमधून दाखवा.

ते केल्यावर ७ किलोला ५ वाल्या कॉलमचं भाडं यायला लागलं! कारण मॅचमधला शेवटचा १ म्हणजे "एवढं किंवा याच्या खालचं सगळ्यात मोठं". (काहीच लिहिलं नाही तरी तो १ च धरतो, म्हणून गावाच्या मॅचमध्ये ० विसरू नका.) म्हणून हेडर "पर्यंत" ऐवजी "पासून" असे केले, ०, ५, १०, २०, खालची भाडी तशीच. आता ७ किलो बरोबर दुसऱ्या कॉलममध्ये जातं. पण बरोब्बर ५ किलोसुद्धा तिथेच जातं, ते नको असेल तर हेडरला ५.०१ टाका, १० आणि २० चंही तसंच.

इफएरर (एररच्या जागी आपला मजकूर दाखवणारा) सगळं नीट चालल्यावरच लावा, आधी लावलात तर चुका झाकल्या जातील. एक्सलुकअप या नव्या फंक्शनने हेच जमतं, पण एक्सेल २०१९ मध्ये तो नाहीये, आणि मित्राकडे तेच आहे.

एक राहिलं, ५० किलोच्या वरचं पार्सल आलं तर हा फॉर्म्युला गप्प शेवटच्या कॉलमचं भाडं देतो, तिथे बाहेरून एक इफ लावून "फोन करा" असं दाखवलंय आम्ही.