अंगणातली डगमगती फरशी: माझा अनुभव

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमचं जुनं घर आहे. मागच्या अंगणात आईसाठी बसायला जागा हवी होती, म्हणून इथल्याच पांढुरक्या-हिरवट वालुकाश्माच्या फरश्या आणल्या. किल्ल्याचा डोंगरही वालुकाश्माचाच. आमच्या गावाला या दगडाची माया आहे.

पहिल्या पावसाळ्यानंतर चार फरश्या हलू लागल्या. ठोकून पाहिलं तर खालून पोकळ आवाज. एक उचलली, तेव्हा कारण कळलं. मिस्त्रीने चार कोपऱ्यांत नि मध्ये सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे गोळे ठेवून फरशी टेकवली होती. मधल्या पोकळीत पाणी साचायचं, आणि आई नेमकी तिथूनच तुळशीला पाणी घालायला जायची. मला रात्री झोप येईना.

मग सगळ्याच उचलल्या. खाली गिट्टी-मुरूम पुन्हा धुमसून घट्ट केला. एकास चार सिमेंट-रेतीचा साधारण ४ सेंमीचा थर सलग पसरला. प्रत्येक फरशीची पाठ धुऊन तिला सिमेंटचा दाट घोळ फासला. हे टाळू नका, दगड मसाल्याला धरतो तो यामुळेच. रबरी हातोड्याने ठोकत बसवली, भिंतीपासून बाहेर ३ मीटरला ५ सेंमी ढाळ दिला. सांधे १० मिमी ठेवून दुसऱ्या दिवशी भरले, सांडलेला मसाला लगेच पुसला, कारण वालुकाश्म डाग पटकन शोषतो. उन्हाच्या तडाख्यात मसाला करपू नये म्हणून आठवडाभर ओली पोती अंथरली.

यंदाच्या पावसात एकही हलली नाही. आई तिथेच भाजी निवडत बसते.