बायपासनंतर घरची रोजची नोंद: आधी वजनकाटा नीट मांडा

हृदयाचं बायपास ऑपरेशन करून नागपूरहून पेशंट गावी आला की पुण्या-मुंबईतला मुलगा पहिलं काय पाठवतो, तर स्मार्ट घड्याळ. पावलं आणि झोप मोजून या दिवसांत फारसं हाती लागत नाही. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल बीपी मशीन, डिजिटल वजनकाटा, ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि एक वही एवढं घ्या. मी उपकेंद्राची नर्स, अशा घरी सतत जाते. एवढ्यात काम भागतं.

ताप संध्याकाळी मोजा, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला की त्याच दिवशी फोन करा. ऑक्सिमीटर कोमट बोटाला लावा, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आकडा स्थिर झाला की लिहा.

आता वजन. सगळ्यात हलक्यात घेतात ते हेच, आणि मलाही सगळ्यात जास्त यानंच छळलं. हृदयाचा पंप कमी पडला की अंगात पाणी साठतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून ते काट्यावर लवकर दिसतं. नुसत्या पायाच्या सुजेवर विसंबू नका, कारण बायपाससाठी ज्या पायाची शीर काढली तो पाय तसाही सुजतो. एका दिवसात १ किलोपेक्षा जास्त किंवा आठवड्यात २ किलोपेक्षा जास्त वजन वाढलं तर डॉक्टरांना कळवा.

पण काटा खरं बोलला पाहिजे ना! काट्याच्या चारही पायांना वजन सारखं पेलायला टणक, सपाट जागा लागते. शेणानं सारवलेल्या जमिनीवर एखादा पाय रुततो, आणि तोच माणूस दाराजवळ एक वजन दाखवतो, खाटेजवळ दुसरं. एका घरी आजोबांचं वजन रोज वर-खाली व्हायचं, घरचे घाबरून जायचे. शहाबादी फरशीचा तुकडा कोपऱ्यात पक्का बसवला, काटा त्यावर ठेवला, आणि तो खेळ थांबला. पुन्हा कुणी तो काटा हलवू नये. खात्री करायची तर घरातल्या धडधाकट माणसानं आधी मोकळ्या हातानं उभं राहावं, मग ५ किलोची न फोडलेली आट्याची थैली घेऊन. फरक पाचाच्या आसपास आला पाहिजे. ही थैली पेशंटच्या हाती चुकूनही देऊ नका, ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात.

वजन सकाळी, संडास-लघवी झाल्यावर, चहाच्या आधी करा. रोज त्याच जातीचे कपडे असू द्या. जाड लुगडं आणि पातळ सुती साडी यांत काहीशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. तोल जाईल म्हणून पेशंट चौकट धरतो किंवा काठी टेकतो, तसं केलं की वजन कमी दिसतं. कुणीतरी जवळ उभं राहा, हात लावू नका. दवाखान्यातला काटा वेगळा, म्हणून घरच्या पहिल्या सकाळचा आकडा हाच पाया धरा.

आणि "वजन वाढलं, बाबा सुधारले" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एका रात्रीत किलोभर मांस चढत नाही. मिठानं अंगात पाणी साठतं, म्हणून ताटात लोणचं, पापड, ठेचा किती जातोय ते बघा. लघवीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं वाढवू नका.

बीपी खुर्चीवर बसून, जमिनीवर मांडी घालून नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या उंचीवर, पाच मिनिटं गप्प बसून; मग मिनिटाच्या अंतरानं दोनदा. मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण पुन्हा पुन्हा आली तर त्याच दिवशी कळवा. ऑपरेशननंतर ठोके बिघडणं बऱ्याच जणांना होतं, आणि त्याला औषध आहे.

जखमेचा फोटो दिवसाउजेडी, रोज एकाच अंतरावरून काढा.

डॉक्टरांना रोज सुटे फोटो पाठवू नका. वहीच्या एका पानावर आठवड्याचे रकाने आखा, वर नाव आणि ऑपरेशनची तारीख लिहा, आणि त्या एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. घरात रेंज नसेल तर वावराकडे जाणाऱ्याच्या मोबाइलवरून जाऊ द्या. वेगळं ॲप लागत नाही. नागपूरला जाणं जमत नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचं आरोग्यवर्धिनी केंद्र) वही घेऊन जा, तिथून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.

जखमेतून पू आला किंवा छातीचं हाड हलताना कटकट वाजलं, तर त्याच दिवशी ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात फोन करा. आडवं झाल्यावर दम कोंडला, छातीत दुखून घाम फुटला, चक्कर येऊन पडले, तर मोजत बसू नका. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत वही व औषधांची पिशवी पेशंटच्या उशाशी आणून ठेवा.